बुद्धिबळाच्या इंजिनाची ताकद ठरवायची कशी?

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या कॅगल या मंचावर आठ भाषा-मॉडेलांची बुद्धिबळ स्पर्धा झाली. बाद पद्धत, एका सामन्यात चार डाव. अंतिम सामन्यात ओपनएआयच्या ओ३ने ग्रोक ४ला ४-० असे हरवले. आधीच्या फेरीत एका मॉडेलला तर नियमात बसणारी खेळी वारंवार करता न आल्यामुळे डाव सोडावे लागले. निकाल लागताच दोन तट पडले. एका तटाच्या मते कोणते मॉडेल सर्वांत हुशार, याचा निकालच लागला होता. दुसऱ्याच्या मते वजीर फुकट घालवणारी ही यंत्रे पाहिल्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा फुगा फुटला होता. आयोजकांनी स्वतः या सामन्यांना प्रदर्शनीय म्हटले होते, पण ते कुणाच्या लक्षातच राहिले नाही. आणि साध्या मोबाइलवर चालणारे स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे फक्त बुद्धिबळ खेळण्यासाठी बनवलेला प्रोग्रॅम, त्या आठही मॉडेलांना सहज हरवेल, ही गोष्ट दोन्ही तटांच्या बोलण्यात कुठेच नव्हती. चार-चार डावांवरून एवढे मोठे निष्कर्ष काढण्याची ही सवय नवी नाही. संगणकाच्या बुद्धिबळाला ती पन्नास वर्षांहून अधिक काळ चिकटलेली आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. ताकद ही कोणत्याही प्रोग्रॅमच्या पोटात दडलेली वस्तू नव्हे. ती दोघांमधला फरक असते. तो फरक विशिष्ट परिस्थितीत मोजलेला असतो आणि किती डावांवरून तो काढला, यावर त्याचा भरवसा अवलंबून असतो. कोणाविरुद्ध, कोणत्या परिस्थितीत, किती डाव, ही तीन उत्तरे सोबत नसतील तर ‘हे इंजिन सर्वांत बलवान’ हे विधान खरे की खोटे, हे तपासताही येत नाही. तिन्ही उत्तरे दिली, तर मात्र इंजिनाची ताकद माणसाच्या बहुतेक कौशल्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे मोजता येते. म्हणूनच आकडा डोळे मिटून मानणारे आणि ‘आकड्याने काय कळते’ म्हणून हात झटकणारे, दोघांशीही माझे भांडण आहे.

आधी त्या आकड्याबद्दल. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद आकड्यात मांडण्याची, पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीत अर्थ आहे तो फक्त फरकाला. १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत (विजयाला एक, बरोबरीला अर्धा धरून) सुमारे ६४ गुण मिळवावेत, २०० असेल तर ७६ आणि ४०० असेल तर ९१. शून्य कुठे धरायचे, हे गणित सांगत नाही, ते माणसे ठरवतात. स्वीडनच्या संगणक-बुद्धिबळ संघटनेची यादी एके काळी जगभर प्रमाण मानली जाई. तिचे मूळ आकडे स्वीडिश खेळाडूंशी झालेल्या डावांवर बेतलेले होते. पुढे ते फुगल्यासारखे वाटू लागले, तेव्हा २००० मध्ये संपूर्ण यादीतून सरसकट १०० गुण वजा करण्यात आले. त्याने यादीतल्या एकाही इंजिनाची जागा बदलली नाही, कुणी बलवान झाले नाही की दुबळे झाले नाही. मग त्या आकड्याकडे उंचीच्या किंवा वजनाच्या आकड्यासारखे पाहायचे कसे?

तरीही ‘कार्लसनचे सर्वोच्च रेटिंग २८८२, स्टॉकफिशचे ३६००च्या पुढे, म्हणजे सातशे गुणांनी वरचढ’ असे वाक्य रोज कानावर येते. कार्लसनचे २८८२ हे २०१४ मधले आणि माणसांशी खेळून मिळवलेले. स्टॉकफिशचे ३६०० हे सीसीआरएलसारख्या यादीतले, इंजिनांनी इंजिनांशी खेळून मिळवलेले. त्या यादीतही जलद डावांचा तक्ता वेगळा, संथ डावांचा वेगळा, आणि एकाच इंजिनाचा आकडा दोन्हीकडे सारखा नसतो. दोन तलावांची पातळी एकाच पट्टीने मोजायची तर मध्ये चर खणलेला हवा, आणि इथे तो चर गेली कित्येक वर्षे कोरडा आहे, कारण तुल्यबळ अटींवर माणूस आणि इंजिन आता खेळतच नाहीत. स्टॉकफिश कार्लसनपेक्षा खूप बलवान आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण ‘सातशे’ हे मोजमाप नव्हे, तो अंदाज आहे, आणि अंदाजाला अंदाजच म्हटले पाहिजे.

आता डावांच्या संख्येकडे वळतो. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्ल्यू या संगणकाने तेव्हाचा विश्वविजेता कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरवले, तेव्हा यंत्राने माणसाला मागे टाकल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. सहा डाव झाले होते. कास्पारोव्हने पहिला जिंकला, डीप ब्ल्यूने दुसरा आणि सहावा, आणि मधले तीन बरोबरीत सुटले. या निकालातून रेटिंगचा फरक काढला तर तो डीप ब्ल्यूच्या बाजूने साधारण ५८ गुण येतो. पण नेहमीचीच ९५ टक्के भरवशाची मर्यादा लावली, म्हणजे योगायोगाने निकाल किती इकडेतिकडे होऊ शकतो हे धरले, तर खरा फरक डीप ब्ल्यूच्या बाजूने ३०० गुणांपासून कास्पारोव्हच्या बाजूने १४० गुणांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे त्या सहा डावांनी दोघांत कोण बलवान, हे सिद्ध केलेच नाही. त्यातही दुसऱ्या डावात कास्पारोव्हने ज्या स्थितीत हार मान्य केली, तिथे सततच्या शहाने बरोबरी साधता येत होती, असे विश्लेषणात नंतर दिसून आले. सहावा डाव अवघ्या १९ खेळ्यांत संपला. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात कास्पारोव्ह ४-२ असा जिंकला होता. १९९७च्या पराभवानंतर त्याने पुन्हा सामना मागितला, आयबीएमने तो दिला नाही आणि डीप ब्ल्यूला निवृत्त केले. बाराच डाव झालेल्या त्या लढतीला इतिहासाने निकालपत्राचा दर्जा दिला, आणि पुढच्या प्रत्येक सामन्याकडे लोक त्याच नजरेने पाहू लागले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माणूस हजार डाव खेळू शकत नाही. विश्वविजेता थकतो, घाबरतो, त्याच्या मनावर दडपण येते, आणि ते दडपण झेलणे हाही ताकदीचाच भाग आहे. मग सामन्याशिवाय दुसरा मार्ग कोणता? शिवाय डाव थोडे असले की निकाल नेहमीच निरर्थक, असेही नाही. २००५ मध्ये लंडनला हायड्रा या यंत्राने ब्रिटिश ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सला साडेपाच विरुद्ध अर्धा असे हरवले. डाव तेही सहाच. पण तुल्यबळ खेळाडूंत असा निकाल योगायोगाने लागणे जवळपास अशक्य आहे. फरक प्रचंड असेल तेव्हा मूठभर डावही पुरतात. हे मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या म्हणण्याला त्याने धक्का लागत नाही. किती डाव पुरेत, हे फरकावर ठरते, सभागृहातल्या गर्दीवर ठरत नाही. ॲडम्सच्या सामन्याने बरेच काही सिद्ध केले, म्हणून त्याची चर्चा कास्पारोव्हच्या सामन्याहून जास्त व्हायला हवी होती. झाले नेमके उलटे. २००६ मध्ये बॉनला विश्वविजेता क्रॅमनिक डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमकडून ४-२ असा हरला, तेव्हाही लोकांच्या लक्षात राहिली ती दुसऱ्या डावात त्याच्या नजरेतून सुटलेली एका खेळीतली मात. एका खेळीतली मात न दिसणे ही विश्वविजेत्याच्या आयुष्यातली दुर्मीळ घटना आहे. त्या डावाने यंत्राविषयी काय सांगितले? फारसे काही नाही.

पण डाव वाढवले की सगळे प्रश्न सुटतात, असे मानणाऱ्यांची चूक मला जास्त गंभीर वाटते, कारण ती शास्त्राच्या भाषेत बोलते. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कंपनीने जाहीर केले की, फक्त स्वतःशी खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिश ८ला शंभर डावांत २८ विजय, ७२ बरोबरी आणि एकही पराभव नाही, अशा फरकाने हरवले. इथे योगायोगाचा आक्षेप टिकत नाही. शंभर डावांत ६४ गुण म्हणजे शंभरेक रेटिंग गुणांचा फरक, आणि मर्यादा लावूनही तो ६५च्या खाली जात नाही. पण कोणत्या स्टॉकफिशशी हा सामना झाला? इंजिनाची ती आवृत्ती वर्षभर जुनी होती. प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट दिलेले होते, त्यामुळे अवघड ठिकाणी जास्त वेळ देण्याची स्टॉकफिशमध्ये कष्टाने घडवलेली व्यवस्था निकामी झाली. एकाच वेळी ६४ समांतर धाग्यांवर चालणाऱ्या खेळ्यांच्या शोधाला स्मृती दिली होती केवळ १ जीबी. सुरुवातीच्या खेळ्यांचे पुस्तकही नव्हते. समोर अल्फाझीरो मात्र गूगलच्या खास बनवलेल्या टीपीयू नावाच्या चार चिपांवर चालत होते. स्टॉकफिशचे मूळ जनक टोर्ड रोमस्टाड यांनी हे आक्षेप तेव्हाच नोंदवले होते. शिवाय शंभरांपैकी दहाच डाव लोकांसमोर आले होते, त्यामुळे बाहेरच्या कुणाला काही तपासता येत नव्हते. अशा अटींवर शंभरऐवजी लाख डाव खेळवले असते तर काय झाले असते? चुकीच्या प्रश्नाचे उत्तर जास्त दशांश स्थळांपर्यंत मिळाले असते, इतकेच.

डीपमाइंडच्या बाजूने जे म्हणायला हवे तेही म्हणतो. वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, त्यांनी ‘सायन्स’मध्ये नवा निबंध छापला. या वेळी हजार डाव, प्रत्येक बाजूला तीन तास आणि प्रत्येक खेळीमागे १५ सेकंद. स्टॉकफिशला ४४ कोअर आणि ३२ जीबी स्मृती. निकाल: अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबरी. शिवाय स्टॉकफिशच्या नव्या आवृत्तीशीही सामने खेळवले, पुस्तकासह खेळवले आणि दोनशेहून अधिक डाव प्रसिद्ध केले. अल्फाझीरो खरोखरच बलवान होते, हा मूळ दावा खरा ठरला. पण हजार डावांतला तो फरक रेटिंगमध्ये मांडला तर ५० गुणांच्या आसपास येतो, पहिल्या आकड्याच्या निम्मा. स्टॉकफिश तेच, अल्फाझीरोची रीत तीच, बदलल्या त्या अटी. २०१७ मध्ये आक्षेप घेणाऱ्यांना ‘पराभव पचत नाही’ म्हणून हिणवले गेले होते. ते रडगाणे नव्हते, ती मोजमापाची मागणी होती, आणि ती मान्य झाल्यामुळेच दुसरा निबंध पहिल्यापेक्षा भक्कम झाला.

पूर्ण न्याय्य अटी असू शकतात का? नाहीत, हेही मान्य करतो. एक इंजिन साध्या प्रोसेसरवर सेकंदाला कोट्यवधी स्थिती तपासते, दुसरे ग्राफिक कार्डवर त्याहून कितीतरी कमी स्थिती तपासते, पण प्रत्येक स्थितीत खोल पाहते. दोघांना ‘सारखे’ हार्डवेअर द्यायचे म्हणजे काय द्यायचे? सारख्या किमतीचे? सारखी वीज खाणारे? सारख्या काळातले? यातले कोणतेही उत्तर गणितातून निघत नाही, ते ठरवावे लागते. या मुद्द्यावरून काही जण थेट निष्कर्षावर उडी मारतात की, मग सगळी तुलनाच मनमानी. ही उडी चुकीची आहे. अटी ठरवाव्या लागतात याचा अर्थ त्या आधी, उघडपणे ठरवायच्या आणि निकालाला चिकटवून ठेवायच्या. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत हेच होते. हार्डवेअर जाहीर, वेळ जाहीर, प्रत्येक डाव सर्वांसमोर. तिथे २०१९ मध्ये ग्राफिक कार्डवर चालणाऱ्या लीला चेस झिरो या इंजिनाने स्टॉकफिशला महाअंतिम सामन्यात हरवले, तेव्हा ग्राफिक कार्डांच्या बळावर वाद झाला, पण तो नेमका वाद होता. कार्ड किती, प्रोसेसर किती, हे सर्वांना ठाऊक होते. स्टॉकफिशने त्यातून धडा घेतला. जपानी शोगी खेळातून आलेले छोटे न्यूरल जाळे, म्हणजे उदाहरणांवरून स्थिती जोखायला शिकणारी रचना, त्याने सप्टेंबर २०२० मध्ये, बाराव्या आवृत्तीत, साध्या प्रोसेसरवरच बसवले. अटी उघड असल्या की वादातूनसुद्धा सुधारणा होते, ती अशी.

अटींमधली सर्वांत नाजूक अट म्हणजे डावाची सुरुवात. आजची वरची इंजिने नेहमीच्या प्रारंभिक स्थितीपासून खेळवली तर बहुतेक सगळे डाव बरोबरीत सुटतात. म्हणून स्पर्धेत मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती निवडतात आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवतात. एकदा हे इंजिन पांढऱ्याकडून, एकदा ते. जवळून पाहिले की यातली खुबी कळते. समजा काळ्याची बाजू जेमतेम तगेल, अशी स्थिती घेतली. पहिल्या डावात ‘क’ने पांढऱ्याकडून ती जिंकली. दुसऱ्या डावात ‘ख’कडे पांढरी मोहरी आली, पण ‘क’ने काळ्याकडून चिवटपणे बरोबरी राखली. जोडीचा हिशोब दीड विरुद्ध अर्धा. दोघेही पांढऱ्याकडून जिंकले असते तर जोडी एक-एक अशी सुटली असती आणि ती सुरुवातच एकतर्फी होती, एवढेच कळले असते. ‘हे खरे बुद्धिबळ नव्हे, तुम्ही कृत्रिम स्थिती लादता’ हा यावरचा आक्षेप. ज्यांनी अमेरिकन चेकर्सचा, म्हणजे बुद्धिबळाच्याच पटावर सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या खेळाचा, इतिहास पाहिला आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. तिथे श्रेष्ठ खेळाडूंचे डाव कंटाळा येईपर्यंत बरोबरीत सुटू लागले, तेव्हा पहिल्या खेळ्या चिठ्ठी टाकून ठरवण्याची पद्धत आली, आणि १९३४ पासून अमेरिकेत पहिल्या तीन खेळ्या अशा ठरू लागल्या. त्याने चेकर्स बिघडले नाही. मॅरियन टिन्स्लीसारख्या खेळाडूची थोरवी त्या पद्धतीतच दिसली. जिथे सगळ्यांनाच पैकीच्या पैकी गुण मिळतात, ती परीक्षा अवघड करावीच लागते. त्यात फसवणूक कसली?

आता मोजमापाचे सर्वांत चांगले उदाहरण, ज्याविषयी आपल्याकडे फारसे कुणी लिहीत नाही. स्टॉकफिशमध्ये होणारा प्रत्येक बदल फिशटेस्ट नावाच्या व्यवस्थेतून जातो. जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक त्यासाठी मोफत देतात. समजा कुणी खेळ्यांचा शोध घेणाऱ्या कोडमधली एक ओळ बदलली. जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांशी खेळू लागतात. प्रत्येकाला संपूर्ण डावासाठी १० सेकंद आणि दर खेळीमागे सेकंदाचा दहावा भाग. डाव साठत जातात तसा एक आकडा शून्यापासून वरखाली सरकत राहतो. तो अधिक २.९४ला पोचला की बदल पुढच्या फेरीत जातो, उणे २.९४ला पोचला की बाद. पुढच्या फेरीत प्रत्येक बाजूला ६० सेकंद आणि खेळीमागे ०.६ सेकंद. तिथेही टिकला तरच तो बदल इंजिनात शिरतो. किती डाव खेळायचे, हे आधी ठरवलेले नसते. पुरावा पुरेसा झाला की चाचणी आपोआप थांबते. ही पद्धत अब्राहम वाल्ड या गणितज्ञाची. दुसऱ्या महायुद्धात लष्करी मालाची तपासणी कमीत कमी नमुन्यांत व्हावी म्हणून त्यांनी ती शोधली. भारतात व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. इतक्या डावांची गरज का पडते? निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर दोन इंजिनांतला दोन रेटिंग गुणांचा फरक खात्रीने दिसायला सुमारे ५८,००० डाव लागतात. दहा गुणांचा फरक असेल तर अडीच हजारांच्या आत काम भागते. स्टॉकफिशची वाढ अशा दोन-दोन गुणांच्या बदलांची बेरीज होऊन झाली आहे. एखाद्या जाणत्या खेळाडूने पाच-दहा डाव पाहून ‘नवी आवृत्ती जास्त समजून खेळते’ म्हणणे आणि हे, यात केवढे अंतर आहे!

फिशटेस्टवरचा खरा आक्षेप आकडेवाल्यांच्याच गोटातून येतो आणि तो मला सर्वांत जोरकस वाटतो. इंजिन इथे आपल्याच जुळ्या भावाशी खेळते. एकाला ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्याच दुसऱ्यालाही दिसत नाहीत. एकाने त्यातली एक पाहायला शिकली की दुसरा वारंवार तिथेच मार खातो, आणि फरक फुगून दिसतो. केन थॉम्पसन यांनी बेल या आपल्या यंत्रावर केलेले जुने प्रयोगही याच धर्तीचे होते. एक खेळी अधिक खोल पाहणारे बेल आणि कमी पाहणारे बेल यांच्यात फार मोठा फरक दिसला. तोच फरक वेगळ्या घडणीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध टिकेलच, असे नाही. याला उत्तर एकच: मोजणारे अनेक असावेत. फिशटेस्टमध्ये जुळ्या भावाशी जिंकलेली आवृत्ती सीसीआरएलमध्ये परक्या इंजिनांशीही जिंकते का? टीसीईसीच्या दणकट यंत्रावर, लांब वेळेच्या डावांतही जिंकते का? तिन्ही ठिकाणी अटी वेगळ्या, माणसे वेगळी, प्रतिस्पर्धी वेगळे. तिन्हींचा कौल एका दिशेने लागला, तरच त्या वाढीला मी वाढ म्हणेन. गेल्या काही वर्षांत स्टॉकफिशबाबत तो एकाच दिशेने लागत आला आहे.

कोड्यांवरून परीक्षा घेण्याचा मार्ग मात्र कायमचा सोडलेला बरा. १९८२ मध्ये ब्रात्को आणि कोपेक यांनी २४ स्थितींची चाचणी काढली. तेव्हा ती उपयोगी होती. मग इंजिने लिहिणारे अशा चाचण्यांवरच आपली इंजिने घासू लागले आणि चाचणीत वरचढ ठरलेले इंजिन डावात मात्र हरू लागले. २०१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने एक स्थिती प्रसिद्ध केली, काळ्याकडे उंटांची गर्दी आणि तरी डाव बरोबरीचा. इंजिने काळा जिंकतो म्हणत होती, माणसाला बरोबरी दिसत होती. यावरून ‘इंजिनाला बुद्धिबळ समजत नाही’ असा निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला. समजत नसेलही. पण मग मोजायचे काय आहे, ते आधी सांगा. समज मोजायची असेल तर तिचे वेगळे माप काढा. ताकद मोजायची असेल तर प्रत्यक्ष डावांत जवळपास कधीच न येणारी एक स्थिती पुढे करून ती मोजता येणार नाही. २००६ मध्ये गुइद आणि ब्रात्को यांनी क्राफ्टी या इंजिनाच्या मदतीने जुन्या विश्वविजेत्यांच्या खेळ्या तपासल्या आणि कापाब्लांका सर्वांत अचूक ठरला. तेव्हा प्रश्न विचारला गेला की, क्राफ्टी स्वतः ज्यांच्यापेक्षा बलवान नाही, त्यांचा न्याय ते कसे करणार? प्रश्न रास्त होता. आपल्याकडे स्पर्धेच्या हॉलबाहेर पालक मोबाइलवर मुलांचे डाव तपासतात, टक्क्यांत अचूकता पाहतात आणि त्यावरून मुलाला बोलतात. त्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. फोनवर पाच सेकंद चाललेले स्टॉकफिश आणि मोठ्या यंत्रावर रात्रभर चाललेले स्टॉकफिश, दोघांचे नाव एक असले तरी ताकद एक नाही. शिवाय ती अचूकता मुलासमोरचा प्रश्न किती कठीण होता, हे विचारातच घेत नाही.

निर्दोष खेळ आणि बलवान खेळ यांतला भेद तर या वादात कुणी लक्षातच घेत नाही. २००७ मध्ये जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेकर्स सोडवले. दोन्ही बाजू चुकल्या नाहीत तर डाव बरोबरीत सुटतो, हे सिद्ध झाले. त्यांच्याच चिनूक या प्रोग्रॅमला टिन्स्लीने १९९२ मध्ये चार विरुद्ध दोन असे हरवले होते, ३३ डाव बरोबरीत. १९९४ मध्ये पुन्हा गाठ पडली तेव्हा सहा डाव बरोबरीत सुटल्यावर टिन्स्लीने आजारपणामुळे सामना सोडला, आणि पुढच्या वर्षी तो गेला. निर्दोष चिनूक आणि टिन्स्ली यांत बलवान कोण, असे विचारले तर उत्तर समोर कोण बसले आहे यावर ठरेल. निर्दोष प्रोग्रॅम हरणार नाही. पण बरोबरी राखणाऱ्या दहा खेळ्यांपैकी कोणती समोरच्याला गोंधळात टाकेल, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. सात मोहऱ्यांपर्यंतच्या अंतिम स्थितींची संपूर्ण कोष्टके बुद्धिबळातही तयार आहेत. तीही हेच सांगतात: ही खेळी बरोबरीची, तीही बरोबरीची. यातली माणसाला जड जाणारी कोणती, याबद्दल कोष्टक गप्प. बुजुर्ग टिन्स्लीला ते कळत होते.

म्हणून माणूस आणि इंजिन यांच्यातला तुटलेला सांधा जोडायचा असेल तर जुन्या काळची एक रीत पुन्हा उचलावी, असे मला वाटते. एलोंच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, खेळाडूची प्रत ठरायची ती त्याला किती मोहरी सूट द्यावी लागतात यावरून. एखाद्याला प्यादे आणि पहिली खेळी द्यायची, एखाद्याला घोडा, एखाद्याला हत्ती. ती सूट हेच तेव्हाचे रेटिंग होते. २००७ मध्ये रिब्का या इंजिनाने ग्रँडमास्टर याआन एहल्वेस्टला प्यादे देऊन आठ डावांत साडेपाच विरुद्ध अडीच असे हरवले. अलीकडे लीलाची खास सूट देण्यासाठी तयार केलेली रूपे घोडा कमी घेऊनही जलद डावांत ग्रँडमास्टरांना हरवतात. नेहमीचे इंजिन एक घोडा कमी असताना सगळे हरल्यात जमा धरून खेळते. लीलाची ही रूपे मात्र समोरचा माणूस चुकेल, हे धरून गुंतागुंत वाढवत नेतात. माणसाविरुद्धची ताकद मोजायची तर असेच इंजिन हवे. पण हे डाव बहुतेक तीन-पाच मिनिटांचे आहेत, आणि एवढ्या कमी वेळात माणसाची अर्धी ताकद वापरलीच जात नाही. वेळ तीन मिनिटांवरून पंधरा, मग साठ, मग नव्वद मिनिटांपर्यंत वाढवत नेला तर घोड्याची सूट कुठे पुरी पडते आणि कुठे कमी पडते, याचा आलेख काढता येईल. प्रत्येक पायरीवर वेगवेगळ्या रेटिंगच्या वीस-तीस खेळाडूंचे मिळून निदान दोनशे डाव हवेत. इंजिनाची आवृत्ती, हार्डवेअर आणि सर्व डाव पहिल्या दिवसापासून खुले हवेत. विश्वविजेत्याला मोठी रक्कम देऊन चार डावांचा सोहळा करण्यापेक्षा याला खर्च कमी येईल, आणि ‘सातशे’च्या जागी लिहिता येईल असा एक आकडा, त्याच्या मर्यादेसह, हाती लागेल.